टायटनफॉल २: कॅम्पेन सहा तासांची, पण महिने झाले तरी खेळतेय

"कॅम्पेन जेमतेम सहा तासांची आहे" हे ऐकून बरेच जण टायटनफॉल २ हा शूटर गेम घ्यायचं टाळतात. कॅम्पेन म्हणजे त्यातली एकट्याने खेळायची गोष्ट. मी गेले कित्येक महिने तीच कॅम्पेन पुन्हा पुन्हा खेळतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१४च्या पहिल्या टायटनफॉलमध्ये वेगळी सिंगल प्लेयर कॅम्पेन नव्हतीच. गेम बनवणाऱ्या रिस्पॉन कंपनीने ती सिक्वेलमध्ये दिली, पण गेम आला २८ ऑक्टोबर २०१६ ला. आदल्या आठवड्यात बॅटलफील्ड १ आणि पुढच्या आठवड्यात नवा कॉल ऑफ ड्यूटी, दोन्ही बडे शूटर. त्या दोघांच्या मध्ये बिचारा चेंगरला. २०२० मध्ये स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात आल्यावर बऱ्याच नव्या लोकांच्या हाती लागला, मीही त्यातलीच.

इतर शूटर खेळणाऱ्यांचे हात आपोआप आडोसा शोधतात. इथे आडोशाला बसलात तर गेम अगदी साधा वाटेल. भिंतीवरून धावायचं, तिथून उडी मारून समोरची भिंत पकडायची, खाली येताच घसरायचं आणि पुन्हा उडी. भिंतीवर वेग वाढतो, जमिनीवर चालायला लागलात की जातो. हे बोटांत बसलं की शत्रूंनी भरलेली खोली म्हणजे फक्त एक वाट उरते. सुरुवातीचा गॉन्टलेट हा सराव एकदा करून सोडू नका. तिथे घड्याळ लावून धावताना जे हाताला येतं ते पुढे सगळीकडे कामी येतं.

'इफेक्ट अँड कॉज' या लेव्हलबद्दल मात्र लिहावंच लागेल. मनगटावरच्या यंत्राचं एक बटण दाबलं की तुम्ही त्याच जागी, पण भूतकाळात. वर्तमानात जळकी, पडझड झालेली प्रयोगशाळा आणि अंगावर धावून येणारे प्राणी. भूतकाळात लखलखीत कॉरिडॉर आणि बंदूकधारी पहारेकरी. मध्ये लोडिंग नाही. प्राण्याने झेप घेतली की बटण दाबायचं, तो गायब. दोन पावलं पुढे जाऊन परत वर्तमानात यायचं, की आपण त्याच्या पाठीमागे. पुढे तर हवेत असतानाच काळ बदलावा लागतो, कारण ज्या भिंतीवर धावायचंय ती एकाच काळात शाबूत आहे. बनवणाऱ्यांनी लेव्हलच्या दोन प्रती एकावर एक रचल्यात आणि बटण दाबलं की खेळाडूला एकीतून दुसरीत नेलं जातं. हे कळल्यावर माझा आदर वाढलाच. आणि एवढी भारी कल्पना ते त्या एका लेव्हलपुरती वापरतात, पुढे ताणत नाहीत!

नायक जॅक कूपर आणि त्याचा टायटन, म्हणजे महाकाय रोबो, बीटी-७२७४ यांची दोस्ती मनापासून आवडली. बीटी प्रत्येक वाक्य शब्दशः घेतो आणि तरी जीव लावतो. व्हिलन मात्र कच्चे आहेत. झोकात एन्ट्री घेतात, एक लढाई होते, संपले.

माझा पीसी साधा आहे. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं जुनं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, १०८०पी स्क्रीन. 'इन्सेन' हे सगळ्यात वरचं टेक्स्चर सेटिंग सोडून बाकी बरंच काही चढवलं तरी सेकंदाला ६० फ्रेम मिळतात. फ्रेम ६० वरच बांधून ठेवा. मे महिन्यात गोरेगावच्या आमच्या वन रूम किचनमध्ये कार्ड तापून पंखा घरघरायला लागला, तर आई उठते. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी किती रुंद दिसतं ते, मात्र नक्की वाढवा, भिंतीवर धावताना फरक लगेच कळतो.

मल्टिप्लेयरमध्ये आता उरलेत ते मुरलेले खेळाडू. नवखा माणूस अ‍ॅट्रिशन या दोन संघांच्या लढतीत उतरला तर पहिले काही दिवस नुसता मरणार. नंतर आलेले सगळे मॅप फुकट मिळाले, ही मोठी गोष्ट. मला फ्रंटियर डिफेन्स जास्त आवडतं: चौघांनी मिळून कॉम्प्युटरच्या फौजेच्या लाटा अडवायच्या. अनोळखी लोकांबरोबर ताळमेळ बसत नाही, म्हणून आधी तीन मित्र तयार करा आणि सेल लागला की चौघं एकदमच घ्या.