झेनॉन किट घरी बसवलं: उजेड आला, डिपर गेला

पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या डाव्या हेडलाइटचा बॅलास्ट, म्हणजे झेनॉन बल्बला वीज पुरवणारा डबा, मेला आणि वॉरंटीवरून दुकानदाराशी जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. म्हणून हे लिहितोय. किट म्हणजे कंपनीच्या बल्बांच्या जागी लावायचे वायूचे झेनॉन बल्ब आणि त्यांचे बॅलास्ट. माझं एच-फोर बुडाचं, ३५ वॅटचं, ६००० केल्विनचं (हा उजेडाचा रंग, आकडा वाढला की निळसर), अप्पर-लोअर दोन्ही एकाच बल्बात. बाकीचे आकडे डब्यावर छापलेले असतात. दिवाळीपासून आजपर्यंत गाडी चालवून जे कळलं तेवढंच इथं सांगतो.

घेतलं कशासाठी, हे सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की संध्याकाळनंतर पंढरपूर रोड, मंगळवेढा रोड, अगदी बाळ्याच्या पुढचा हायवेसुद्धा उसाच्या ट्रॅक्टरांचा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, असलाच तर चिखलाखाली, आणि ऊस हातभर बाहेर आलेला. कामासाठी मला मंगळवेढ्याला नेहमी जावं लागतं आणि परतताना कामतीच्या अलीकडंच अंधार पडतो. समोरून कोणी अप्पर मारत आला की पुढं रस्ता आहे की ट्रॉली हे देवालाच ठाऊक. कंपनीचे बल्ब पिवळट, मिणमिणते. मग मन झेनॉनवर गेलं.

किट अडीच हजारांच्या आत आलं. बसवायचे दुकानदारानं सातशे सांगितले. दोन बल्ब आणि चार तारांचे सातशे! घरी आणलं आणि रविवारी बॉनेट उघडलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, कारण बॅलास्ट सुरू होताना बल्बला वीस हजार व्होल्टच्या वर झटका देतो, तिथं धाडस दाखवायचं नसतं. या बल्बचं तीन कानांचं बूड वेगळं निघतं. ते आधी तारेच्या क्लिपखाली बसवायचं, वरून मूळचं रबर चढवायचं आणि मग बल्ब फिरवून अडकवायचा. रबर न लावता सोडलेल्या गाड्या मी पाहिल्यात, महिन्याभरात हेडलाइटच्या आत धूळ आणि वाफ. काचेला बोट लावायचं नाही, हातमोजे घालायचे. बॅटरीच्या बाजूला हात शिरत नाही, तिथं अर्धी सकाळ गेली. बॅलास्ट डबल टेपवर न चिकटवता पट्टी आणि नटबोल्टनं, रेडिएटरच्या पंख्यापासून लांब कसले. हे काम चोख झालं होतं, दुकानदार काहीही म्हणो.

पहिल्या रात्री तुळजापूर रोडला हिप्परग्यापर्यंत चक्कर मारली आणि खूश झालो. साध्या एच-फोरचा लोअर साधारण १००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप), चांगल्या झेनॉनचा ३००० च्या आसपास, आणि वीज उलट कमी खातो. साइडपट्टीवरचा दगडसुद्धा दिसत होता. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिपरचं कळलं.

आपल्याकडे डिपर म्हणजे काय हे किट बनवणाऱ्याला माहीत नसावं. ट्रकला ओव्हरटेक करायचं तर हॉर्न त्याला ऐकू जात नाही, आरशात डिपर दिसतो. वन-वे पुलाच्या तोंडाशी आधी कोण, हे डिपरवर ठरतं. समोरून दुचाकीवाला चुकीच्या बाजूनं आला तर डिपर, पुढं पोलीस उभे असतील तर डिपर, कोणी वाट दिली तर आभाराचा डिपर. हे सगळं दिवसा, दिवे बंद असताना. हॅलोजन, म्हणजे कंपनीचा साधा बल्ब, स्टिअरिंगजवळची दांडी ओढल्याबरोबर लागतो. झेनॉनमध्ये आधी ठिणगी पडणार, मग आतला वायू पेटणार, मग क्षार तापणार, मग कुठं पूर्ण उजेड. तोपर्यंत मी दांडी सोडलेली असते. समोरच्याला दिसतं ते एक निळसर फुसकं लुकलुकणं, तेही दोन्ही दिव्यांत वेगवेगळ्या वेळी. शिवाय प्रत्येक डिपर म्हणजे बल्बला नवा थंड स्टार्ट, आणि हे बल्ब झिजतात ते मुख्यतः चालू होतानाच. म्हणजे दिवसभर डिपर मारत फिरलो तर हजाराचा बल्ब मीच जाळतोय. रात्री दिवे चालू असताना अडचण नाही, आतलं चुंबक टक् करून बल्ब पुढंमागं सरकवतं आणि अप्पर लागतो. पण दिवसा मी मुका झालो. बेगमपूरच्या पुलाजवळ एका टमटमवाल्यानं गाडी अशी अंगावर घातली की बायको म्हणाली, "अहो, डिपर द्या की!" दिला होता की ओ. त्याला दिसला नाही.

ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला विचारलं. तो म्हणाला, "मालक, फॉगलॅम्प बसवा, डिपर त्याला जोडून देतो." म्हणजे अडीच हजारांचं दुखणं बरं करायला आणखी दीड हजार. जमणार नाही.

उसाचा सीझन ऐन भरात आला तसं मत आणखी फिरलं. समोरच्या गाड्या मी लोअरवर असतानाही मला सारख्या अप्पर मारायला लागल्या. आधी वाटलं, लोक जळतात. मग भिंतीवर उजेड पाडून पाहिला. बसवण्याआधी त्याच भिंतीवर लोअरच्या उजेडाच्या वरच्या कडेला खडूनं रेघ मारून ठेवली होती, म्हणून फरक दिसला. हॅलोजनमध्ये लोअरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते, ती उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्याच अर्ध्यावर पाडते आणि वरची रेघ साफ कापली जाते. झेनॉनची ठिणगी त्या जागी, त्या आकाराची नसते. त्यामुळं उजेडाचा एक धुरकट पट्टा रेघेच्या वर चढतो. डॅशबोर्डवरचं लेव्हलचं बटण खाली केलं तर उजेड पायाशी येतो, पट्टा तरी राहतोच.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडं, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला चकाकी बसता कामा नये. मी टेप लावून मेव्हण्याला त्या जागी उभं केलं. तो म्हणाला, "दाजी, बंद करा, डोळ्यात चटणी गेल्यागत होतंय." शेंगाची नव्हे, लाल मिरचीची म्हणत असावा.

झेनॉन वाईट असतो असं नाही. १९९१ ला बीएमडब्ल्यूनं सेव्हन सिरीजमध्ये दिला तो त्याच्यासाठीच बनवलेल्या हेडलाइटसकट. युरोपात २००० ल्युमेनच्या वरच्या दिव्याला आपोआप लेव्हल होणं आणि काच धुणारा फवारा सक्तीचा केला, तो उगाच नाही. आपण मात्र जुन्याच वाटीत नवा बल्ब खुपसतो. आणि ६००० केल्विन घेऊ नका, दुकानदार 'एकदम सफेद' म्हणून तेच गळ्यात मारतो. कंपनीफिटिंगचे झेनॉन साधारण ४३०० चे असतात, उजेड तिथंच जास्त मिळतो. ८००० चा निळा तर नुसता मिरवायचा.

एफएमवर खरखर येते. त्यावर आणखी लिहीत नाही.

आता वॉरंटी. पहिल्याच मोठ्या पावसात डावा दिवा गेला. एक दिवा बंद असला की समोरच्याला अंधारात मोटरसायकल वाटते, आणि तो अंगावर येतो. दोन्ही बाजूंचे बॅलास्ट आपसात अदलाबदल करून पाहिले, बिघाड बॅलास्टसोबत उजवीकडं गेला, म्हणजे बल्ब ठीक. एक वर्षाची वॉरंटी डब्यावर छापलेली. दुकानात गेलो तर तो म्हणतो, "काका, पाणी गेलंय, पाण्याला वॉरंटी नाही." मी म्हटलं, डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय. तर म्हणे, "बसवलं कोणी?" मी बसवलं. "मग झालं की. आमच्याकडं बसवलं असतं तर दिलं असतं." म्हणजे सातशे फिटिंगचे नव्हते, वॉरंटीचे होते. हे आधी सांगायला काय झालं होतं? नवा बॅलास्ट आठशेला देतो म्हणाला. नाही घेतला. तक्रार लिहून दिली आहे, पोच घेतली आहे.

मग जुने ६०/५५ वॅटचे (अप्पर/लोअर) बल्ब परत लावायला बसलो आणि किटसोबतचा रिले, म्हणजे बारीक तारेच्या इशाऱ्यावर जाड तार जोडणारा स्विच, हातात आला. सहज मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर तेरा-साडेतेरा व्होल्ट, आणि हेडलाइटच्या होल्डरवर जेमतेम बारा. बारीक जुन्या तारा आणि दांडीचा स्विच यांच्यात एवढं गळत होतं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजबरोबर फार झपाट्यानं पडतो, एवढ्या फरकात साधारण पाव उजेड जातो. म्हणून पिवळट, म्हणून मिणमिणते! आणखी एक रिले, दोन सिरॅमिक होल्डर आणि जाड तार आणली, सगळं मिळून पाचशेच्या आत. बॅटरीवरून थेट, फ्यूज लावून, अप्परला एक रिले आणि लोअरला एक. गाडीच्या जुन्या तारा फक्त रिले ओढायला.

झेनॉनइतका उजेड नाही, पण वरची रेघ साफ आणि लोअर पुढंपर्यंत. गेल्या आठवड्यात मंगळवेढ्याहून येताना कोणीही अप्पर मारला नाही. १००/९० वॅटचे बल्ब टाका असं कोणी सुचवेल, ते नको, होल्डर आणि रिफ्लेक्टर भाजतात आणि नियमातही बसत नाहीत. ट्रॉल्यांची खरी परीक्षा गाळप सुरू झाल्यावर होईल, तेव्हा इथंच लिहीन.

किटला पाचपैकी दीड. त्यातला एक रिलेसाठी. आणि डिपर दांडी ओढल्याबरोबर लागतो, काल पार्क चौकात दोनदा विनाकारण मारला.