ह्यूस्टनचे तिकीट : फर्स्ट रोबॉटिक्स अजिंक्यपदाच्या प्रवेशपद्धतीचे परीक्षण

फर्स्ट रोबॉटिक्स कॉम्पिटिशन, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेली एफआरसी, ही स्वतः बांधलेले रोबॉट मैदानात उतरवणाऱ्या शालेय संघांसाठी सर्वांत महागड्या स्पर्धांपैकी एक आहे. हंगामाची नोंदणीच सुमारे 6000 डॉलरची, त्यावर रोबॉटचे सुटे भाग, प्रवास आणि मुक्काम. एवढा खर्च करणाऱ्या शाळेला एप्रिलमध्ये ह्यूस्टनला होणाऱ्या अजिंक्यपदात जागा कशी मिळते, हे खेळाच्या दर्जाइतकेच बारकाईने तपासायला हवे.

1992 साली न्यू हॅम्पशरमधील मँचेस्टर येथे अवघ्या 28 संघांनिशी ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पात्रतेचा प्रश्नच नव्हता. पुढे अजिंक्यपद डिस्नेच्या एप्कॉटमध्ये भरू लागल्यावरही सुरुवातीची काही वर्षे, प्रवासाची आणि पैशांची सोय ज्याची होईल तो संघ मैदानात उतरू शके. आज तीन हजारांहून अधिक संघांतून सुमारे सहाशेच ह्यूस्टनला पोहोचतात आणि तेथील आठ विभागांच्या विजेत्या आघाड्या, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या संघांचे गट, अखेर आइनस्टाइन नावाच्या मैदानावर भिडतात. संघसंख्या इतकी वाढल्यावर दार सताड उघडे ठेवणे शक्यच नव्हते, आणि खेळाचा दर्जा पाहता ते बंद केले हे योग्यच झाले, असे माझे मत आहे.

कमावलेल्या पात्रतेची खरी गंमत आघाड्यांच्या निवडीत दिसते. पात्रता ठरवणाऱ्या स्पर्धेत प्राथमिक सामने संपले की वरच्या क्रमांकाचे आठ संघ कर्णधार होतात आणि आपापले साथीदार निवडतात. पहिल्या फेरीत निवडीचा मान पहिल्या क्रमांकापासून सुरू होतो, तर दुसऱ्या फेरीत तो उलटा, आठव्यापासून. त्यामुळे सर्वांत बलाढ्य आघाडीला आपला तिसरा रोबॉट सगळ्यांच्या शेवटी, उरलेल्यांतून निवडावा लागतो. येथेच प्रेक्षागृहात वह्या आणि टॅब्लेट घेऊन दोन दिवस बसलेली स्काउटिंगची, म्हणजे इतर संघांचा खेळ टिपून ठेवणारी मुले कामी येतात. गुणतक्त्यात पार खाली असलेला, पण एकाही सामन्यात बंद न पडलेला आणि प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात रोखून धरणारा रोबॉट त्यांनी हेरलेला असतो. असा संघ विजेत्या आघाडीतून थेट अजिंक्यपदाला गेल्याची उदाहरणे आहेत. काहींना हे फुकटचे तिकीट वाटते. मला तसे वाटत नाही, कारण अडीच मिनिटांच्या सामन्यात भरवशाचे यंत्र देणे हीसुद्धा अभियांत्रिकीच आहे. शिवाय इम्पॅक्ट पुरस्कारासारख्या, समाजात केलेल्या कामासाठी दिल्या जाणाऱ्या सन्मानातूनही पात्रता मिळते, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू.

उणी बाजू पैशाची आहे. मिशिगनने 2009 साली सुरू केलेल्या डिस्ट्रिक्ट पद्धतीत, म्हणजे एका भागातले संघ आपसांत खेळतात त्या पद्धतीत, एकाच नोंदणीत दोन स्पर्धा खेळायला मिळतात आणि दोन्हींचे गुण धरले जातात. रिजनल, म्हणजे सुट्या प्रादेशिक स्पर्धांच्या पद्धतीतल्या संघाला त्याच नोंदणीत एकच स्पर्धा मिळते. दुसरी हवी असल्यास पुन्हा काही हजार डॉलर मोजावे लागतात. म्हणजे ज्याच्या पाठीशी प्रायोजक आहे त्याला दोन संधी, नसेल त्याला एक. 2025 पासून रिजनल संघांनाही गुणांवर आधारित पद्धत लागू झाली असली, तरी दुसऱ्या संधीची किंमत त्यामुळे कमी झालेली नाही. ‘कमावलेली’ पात्रता काही अंशी विकतही घेता येते, एवढे मान्य केलेच पाहिजे.

दुसरी अडचण वेळेची. रिजनल स्पर्धा मार्चपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालतात आणि अजिंक्यपद एप्रिलच्या उत्तरार्धात येते. शेवटच्या आठवड्यात पात्र ठरलेल्या अमेरिकी संघाला बस ठरवायला तेवढा वेळ पुरतो. मुंबईच्या संघाला व्हिसा, विमान आणि पन्नासेक किलोहून जड रोबॉटची पाठवणी एवढ्यात उरकायची असते. येथे खुल्या प्रवेशाचा गुण उठून दिसतो. फर्स्ट ग्लोबल या वेगळ्या स्पर्धेत प्रत्येक देशाचा एकच संघ असतो आणि जागतिक पातळीवर आधी पात्रताफेरी खेळावी लागत नाही, त्यामुळे तयारीला महिने मिळतात. तरीही 2017 साली वॉशिंग्टनच्या पहिल्या स्पर्धेसाठी अफगाण मुलींना दोनदा व्हिसा नाकारला गेला आणि अखेरच्या घटकेला परवानगी मिळाली. जिथे महिन्यांचा अवधीही पुरत नाही, तिथे दोन-तीन आठवड्यांत काय होणार?

पूर्वी एफआरसीत प्रतीक्षायादीची सोडतही होती आणि अनेक वर्षे अजिंक्यपदाला न गेलेल्या संघाचे नाव निघण्याची शक्यता त्यात अधिक असे. गुणवत्तेच्या कट्टर समर्थकांना ती खटकत असे. मला मात्र थोड्या जागांपुरती ती न्याय्य वाटत होती, कारण ह्यूस्टनचे पिट, म्हणजे संघांच्या रोबॉटदुरुस्तीच्या जागा, एकदा पाहिलेली मुले पुढच्या हंगामात वेगळाच रोबॉट बांधतात.

भारतातून उतरू पाहणाऱ्या शाळांनी पैसे भरण्यापूर्वी एवढे करावे : परदेशातील रिजनल निवडायची झाल्यास पहिल्या दोन आठवड्यांतलीच निवडावी, अमेरिकी व्हिसाचा अर्ज पात्रतेची वाट न पाहता करावा, आणि दुसऱ्या रिजनलचे पैसे हाताशी नसतील तर हा हंगाम अजिंक्यपदाच्या आशेवर नव्हे, तर मुलांना रोबॉट बांधायला शिकवण्यासाठीच घ्यावा.