दारव्ह्याचा ऑटो इलेक्ट्रिशियन: बॅटरी न विकता गाडी दुरुस्त

बाबांची १९८६ ची अँबेसिडर. वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या, तरी चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणायचाच. शेतातून रात्री परतताना हेडलाइट पिवळे पडायचे. एका गॅरेजवाल्याने अल्टरनेटरही (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलायला सांगितला होता.

शेवटी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला बस स्टँडमागच्या टपरीवजा दुकानात गेलो. काकांनी आधी काहीच उघडलं नाही. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा दाबून पाहिला, इंजिन चालू ठेवून लाइट लावले आणि मीटर धरला. अल्टरनेटरवर १४.२ व्होल्ट, बॅटरीवर जेमतेम १२.६! मग मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीला, दुसरं बॅटरीच्या मायनसला लावलं: १.५ व्होल्ट, म्हणजे तेवढं वाटेतच वाया जात होतं. इथे ०.२ च्या वर जायलाच नको.

"बॅटरी कायले बदलता भाऊ, अर्थिंग गेली हाये."

इंजिन रबरावर बसतं, म्हणून करंट परत जायला त्याला चेसिसशी (गाडीच्या सांगाड्याशी) जोडणारी तांब्याची पट्टी लागते, तीच अर्थिंग. ती हिरवी पडून कुजली होती. नवी पट्टी, जागा पॉलिशपेपरने घासून घट्ट बोल्ट, वर ग्रीस. बॅटरीवर १४ व्होल्ट. साडेतीनशे रुपये घेतले, जुनी पट्टी हातात दिली.

बसायला सावली नाही आणि सोमवारी गर्दी फार, सकाळीच जा. परवा यवतमाळहून रात्री आलो, लाइट शेवटपर्यंत पांढरेशुभ्र.