जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवून आठ महिने: काय सुटलं, काय उरलं

घरात लॅपटॉप एकच. सकाळी तो बाबांचा असतो, दुपारी आईचा, रात्री बहिणीचा, आणि अडला की माझा. आठ महिन्यांपूर्वी त्यातली हार्ड डिस्क, म्हणजे फिरत्या तबकडीवर फाइली साठवणारा भाग, काढून ४८० जीबीची एसएसडी, म्हणजे तेच काम चिपवर करणारा भाग, बसवली. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं. आता नव्याची नवलाई ओसरली आहे.

आधीचे हाल सांगतो. बटण दाबल्यावर डेस्कटॉप दोन मिनिटांत दिसायचा, पण ब्राउझर उघडून प्रत्यक्ष काम सुरू व्हायला सहा मिनिटं लागायची. मोबाइल लावून मोजलं होतं. घरच्यांचं निदान ठरलेलं, ‘व्हायरस शिरलाय’. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर (यंत्राचा कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला, तर डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर आणि वाचनाचा वेग मात्र सेकंदाला जेमतेम एक-दीड एमबी. डिस्कला श्वास घ्यायला फुरसत नाही आणि काम तर काहीच होत नाही, हे कोडं मला बरेच दिवस उलगडलं नव्हतं. उत्तर यांत्रिक निघालं. आमच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे मारायची, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. प्रत्येक वेळी तबकडी वाचणारं हेड सरकणार, मग हवी ती जागा फिरून त्याच्याखाली येईपर्यंत थांबणार. बारीकसारीक फाइली इकडेतिकडे विखुरलेल्या असल्या तर सेकंदाला शंभर वाचनंसुद्धा होत नाहीत, आणि विंडोज सुरू होताना नेमकं असंच वाचन चालतं. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे हाच आकडा हजारांत जातो. आता बटण दाबल्यापासून ब्राउझर हाती येईपर्यंत पंचवीस सेकंद. आठ महिन्यांत त्यात फरक पडलेला नाही.

बसवताना ‘सरळ क्लोन कर’, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरव, असा सल्ला मिळाला होता. पण क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत तपासणाऱ्या प्रोग्रॅमने जुन्या डिस्कला पिवळा ‘कॉशन’ (सावधान) दाखवला होता, कारण तिच्यावरचे काही सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे तुकडे, धड वाचले जात नव्हते. अशा डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायचं धाडस झालं नाही. आधी फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज १० कोरं टाकलं. विंडोजने ‘प्रॉडक्ट की’ (परवान्याचा क्रमांक) मागितल्यावर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय निवडला, आणि नेट जोडताच लायसन्स आपोआप ओळखलं गेलं, कारण ते लॅपटॉपच्या मदरबोर्डाच्या (आतल्या मुख्य सर्किटच्या) नावावर आधीच नोंदलेलं होतं.

फजिती झाली ती वेगळ्याच ठिकाणी. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड, एसएसडी सात. कप्प्यात ती खुळखुळायला लागली. त्यासाठी खोक्यात एक काळी प्लास्टिकची चौकट येते, जी मी पॅकिंग समजून टाकून दिली होती. रात्री अकरा वाजता कचऱ्याच्या बादलीत हात घालून ती शोधली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ‘धिस पीसी’ उघडून जाहीर केलं की आपल्याला फसवलंय, ४८० सांगून ४४७ दिले. फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या हिशेबाने जीबी मोजते, विंडोज १०२४च्या. त्यांना ते अजून पटलेलं नाही.

आता जे सुटलं नाही त्याबद्दल, कारण खरा अनुभव तिथे आहे. पूर्वी सगळ्या तक्रारी ‘लॅपटॉप हळू आहे’ या एका वाक्याखाली दडून जायच्या. वेग आला आणि बाकीची दुखणी एकेक करून उघडी पडली.

पहिलं दुखणं वायफायचं. दर दोन-तीन आठवड्यांनी ते गायब व्हायचं. बाबा म्हणायचे, ‘मी रोज रात्री शट डाऊन करतो, अजून काय करू?’ टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या आलेखाखाली ‘अप टाइम’ (यंत्र सलग किती वेळ चालू आहे) पाहिला तर १९ दिवस. रोज बंद होणारं यंत्र १९ दिवस चालू! हा फास्ट स्टार्टअपचा प्रताप. शट डाऊन म्हटलं की विंडोज तुमचे प्रोग्रॅम बंद करतं, पण स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हर (वायफायसारखे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) यांची अवस्था डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. ड्रायव्हर रुसलेला असला तर तोही रुसलेलाच उठतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. ‘रिस्टार्ट करून बघ’ म्हणतात ते उगाच नाही, शट डाऊन म्हणजे तेच नव्हे. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन पॉवर बटणांच्या सेटिंगमधली फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाकली. हार्ड डिस्कवर ही सोय कामाची होती, एसएसडीवर तिच्यामुळे चार सेकंद वाचत होते. पाच महिने झाले, वायफाय एकदाही गेलं नाही.

बहिणीच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस’ असं सारखं यायचं. तो व्हायरस नव्हताच. कुठल्याशा साइटला तिने नोटिफिकेशनची परवानगी दिली होती. ब्राउझरच्या सेटिंगमधून ती काढली, विषय मिटला. प्रिंटर जसा होता तसाच आहे. त्याच्यापुढे कुठलीच एसएसडी काही करू शकत नाही.

एक गोष्ट मात्र खरंच महागात पडली. आईने चुकून फोटोंचा एक फोल्डर शिफ्ट दाबून डिलीट केला. हार्ड डिस्कवर असं झालेलं असताना मी रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच काही परत मिळवलं होतं, त्याच भरवशावर होतो. इथे फाइलींची नावं दिसली, आत सगळी शून्यं. फाइल पुसली की विंडोज एसएसडीला ‘ही जागा आता मोकळी’ असं कळवतं, त्याला ट्रिम म्हणतात, आणि मग ती जागा वाचायला गेलं तर काहीच हाती लागत नाही. वेग टिकतो तो त्यामुळेच. एसएसडी बसवण्याआधीचे फोटो बाहेरच्या डिस्कवर मिळाले, नंतरचे गेले. आता फाइल हिस्टरी (फाइलींच्या प्रती आपोआप काढणारी विंडोजची सोय) चालू आहे आणि बाहेरची डिस्क जोडलेलीच असते. आईला तिचा लुकलुकणारा दिवा आवडत नाही, तो ती रुमालाने झाकते.

एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो ९९ टक्के सांगतं, एकूण लिखाण ४ टीबीच्या आत आहे. लिहून लिहून ती झिजेल म्हणून घाबरत होतो, ते उगाच.

अडचण उरली ती प्रोसेसरची. तो इंटेलच्या सहाव्या पिढीचा, विंडोज ११ला आठवी लागते. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हा जादा सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव नोंदवलं. पुढे कधी लॅपटॉप बदलावा लागला तर ही एसएसडी काढून यूएसबी केसमध्ये घालीन, आणि ती चौकट या वेळी जपून ठेवीन.