कोर्ट नाक्याच्या वकील मॅडम, बहिणीच्या केसचा अनुभव

माझ्या धाकट्या बहिणीची केस ठाण्याच्या फॅमिली कोर्टात होती, मागच्या महिन्यात संपली, म्हणून आता लिहितोय.

आधी जे वकील केले होते त्यांचं नाव घेत नाही, पण पोटगीचा अर्ज "टाकतो टाकतो" म्हणत आठ महिने टाकलाच नाही, पैसे मात्र दर भेटीला, पावती नाही. कोर्ट नाक्याच्या या मॅडमकडे गेलो तर फाईल चाळून पहिलंच विचारलं, अर्ज कुठल्या तारखेचा? मग समजावलं की सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणजे ते आठ महिने गेलेच. त्याच आठवड्यात अर्ज दाखल झाला.

मॅडम आधी एमएसडब्ल्यू (समाजकार्याचं शिक्षण), काही वर्षं नवरा-बायकोच्या वादात समुपदेशन करायच्या, नोकरी सांभाळून नंतर लॉ केलं. ते जाणवतं. पहिल्या दिवशी मला आणि आईला बाहेर बसवलं आणि बहिणीशी एकटीशी तासभर बोलल्या, मला खरंच राग आला होता तेव्हा. पण दीड वर्ष घरात आम्हीच सगळे बोलत होतो, तुला काय हवंय हे तिला कोणी विचारलंच नव्हतं, ते मला त्या दिवशी कळलं.

त्याच 2020 च्या निकालाने नवरा-बायको दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं ॲफिडेव्हिट द्यावं लागतं. ते भरायला आम्हाला चार वेळा बसावं लागलं, घरभाडं, भाचीची फी, रिक्षा, दुधाचा हिशोब सगळं. मी म्हटलं थोडं वाढवून लिहू, तर म्हणाल्या "दादा, एक आकडा खोटा निघाला की खरे पण कोणी धरत नाही." समोरून फक्त बेसिक पगार दाखवला होता, पण बँक स्टेटमेंटला दर महिन्याचा ओव्हरटाईम दिसत होता, मॅडमनी तेवढ्याच ओळींवर खुणा करून कोर्टापुढे ठेवल्या. स्त्रीधनाची यादी तर लग्नाचा अल्बम आणि सोनाराची बिलं समोर ठेवून केली, आईला एकेक दागिना ओळखताना रडू येत होतं, मॅडम थांबल्या, घाई नाही केली.

पुढे दोघं परस्पर संमतीने घटस्फोटाला तयार झाले. त्यातला सहा महिन्यांचा थांबा कोर्ट माफ करू शकतं, 2017 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, पण आधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे आणि पोटगी, मुलीचा ताबा सगळं मिटलेलं पाहिजे. आमचं बसत होतं, तरी "होईलच असं मी सांगणार नाही" म्हणाल्या. झालं माफ. भाची बहिणीकडे, दुसऱ्या-चौथ्या रविवारी तिच्या बाबांकडे, आणि तिच्यासमोर बाबांबद्दल वाईट बोलायचं नाही हे मॅडमनी मला वेगळं बसवून सांगितलं.

त्रास पण सांगतो. दिवसभर कोर्टात असतात, फोन संध्याकाळी सातनंतरच. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईच्या गुडघ्यांचे हाल झाले. फी कमी नाही, पण टप्प्याप्रमाणे कागदावर लिहून देतात, पावती देतात, आणि परवडत नसेल तर बाईला उत्पन्न कितीही असो विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो हे स्वतःहून सांगतात.

जाताना लग्नाचा दाखला, पत्रिका, मुलांचे जन्मदाखले, बँक स्टेटमेंट सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. शनिवारी गर्दी असते, वेळ घेऊनच जा.