रेसकोर्सवरच्या जुन्या फोटोतले बडे लोक: चेहरा जुळवावा, पेहराव वाचावा की वर्तमानपत्रं चाळावीत?

देवळाली कॅम्पातले जुने बंगले रिकामे होऊ लागले की माळ्यावरून अल्बम खाली येतात. त्यात दोन-चार फोटो तरी रेसकोर्सचे असतात. पुणे, महालक्ष्मी, आणि घरातलं कुणी विलायतेला जाऊन आलेलं असेल तर इंग्लंडमधलं ॲस्कॉट किंवा पॅरिसचं लाँगशां. फोटोत संस्थानिक, पारशी शेठ, गोरे साहेब, त्यांच्या मडमा. मागे मात्र एक अक्षर नाही. असा अल्बम हातात पडला तर नावं शोधायच्या वाटा तीन, आणि त्यांतली सगळ्यात सोपी दिसणारी वाट मी शेवटी ठेवतो.

ती म्हणजे मोबाइलवर चेहरा जुळवणं. फुकट आहे, घरबसल्या होतं. पण स्टँडच्या फोटोत चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा, त्यावर हॅटची सावली, खाली भरघोस मिशा. संगणकाला जे प्रसिद्ध चेहरे ठाऊक असतात त्यांतलाच कुणीतरी तो काढून देतो, आणि फेटा बांधलेला प्रत्येक गृहस्थ कुठला ना कुठला महाराजा ठरतो. चेहरा न जुळवता अख्खा फोटो शोधायला टाकलात तर मात्र कधी कधी घबाड हाती लागतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे बेन न्यूज सर्व्हिस या जुन्या वृत्तछायाचित्र एजन्सीच्या सुमारे 40,000 काचेच्या निगेटिव्ह आहेत. 2008 पासून त्या फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर येत आहेत आणि कितींवर तरी नाव काचेवरच लिहिलेलं आहे. फ्रान्समधल्या शर्यतींसाठी गॅलिका या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर रोल या एजन्सीचे फोटो पाहावेत. तुमचा फोटो परदेशातला आणि विकत घेतलेला वाटत असेल तर पहिली दहा मिनिटं इथेच घालवा. घरच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोला याचा उपयोग शून्य.

पेहराव नाव सांगत नाही, पण यादी भराभर कापतो. शिंदेशाही पगडी, पारशांची उंच चकचकीत पगडी, कोल्हापुरी फेटा हे भिंगाखाली सहज वेगळे काढता येतात. अर्थात रेसला सुटाबुटात येणारे संस्थानिकही पुष्कळ होते, तेव्हा पगडी नाही म्हणून राजा नाही असं समजू नये. सालासाठी बायकांच्या टोप्या जास्त कामाच्या. ताटाएवढी रुंद हॅट 1910च्या आगेमागे, डोक्याला घट्ट बसणारी घंटेसारखी टोपी 1920 नंतरची. ॲस्कॉटला झाडून सगळे काळ्या कपड्यांत दिसले तर साल 1910: सातवे एडवर्ड मे महिन्यात वारले होते. 1915 ते 1918 रॉयल ॲस्कॉट झालंच नाही. लाँगशांला मात्र जपून. तिथे पॅरिसचे शिंपी नवे पोशाख दाखवायला पगारी मुली पाठवत. सगळ्यात झोकदार दिसणारी बाई उमराव घराण्यातली नसून कुणाची तरी मॉडेल असण्याचा संभव मोठा.

आपल्याकडच्या फोटोत आधी ऋतू पाहा. पुण्याच्या रेस पावसाळ्यात, मुंबईच्या हिवाळ्यात. ओलं गवत, छत्र्या दिसल्या तर पुणं. साल कळलं की मुंबई इलाख्याचा गव्हर्नर आपोआप ठरतो: 1913 ते 1918 लॉर्ड विलिंग्डन, 1918 ते 1923 सर जॉर्ज लॉइड. मग मधल्या खुर्चीतल्या साहेबासाठी चेहऱ्याच्या मागे लागायला नको. विसाच्या दशकात काठ्यांवर भार देऊन चालणारा रुबाबदार गृहस्थ दिसला तर मुंबईचे गिरणीमालक व्हिक्टर ससून यांचं नाव तपासून पाहा. पहिल्या महायुद्धातल्या विमान अपघातात त्यांचा पाय जायबंदी झाला होता.

घोडा तर माणसापेक्षा जास्त बोलतो. जिंकलेल्या घोड्याचा लगाम मोतद्दाराऐवजी सुटातल्या माणसाच्या हाती असेल तर तो बहुधा मालक. जॉकीच्या अंगावरचे रंग मालकाचे असतात, पण त्या काळच्या फोटोच्या काचेच्या प्लेटवर लाल काळा उमटे आणि निळा जवळपास पांढरा. म्हणून रंग सोडा, नक्षी धरा. आगा खान यांचे हिरवे-चॉकलेटी आडवे पट्टे राखाडी फोटोतही पट्टेच दिसतात. मागच्या फलकावरचे आकडे वाचता यावेत म्हणून स्कॅन मोठ्यात मोठा करा.

वर्तमानपत्रं ही सगळ्यात खात्रीची वाट, आणि सगळ्यात वेळखाऊ. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हला वर्गणी पडते. जुने अंक कागदावर पाहायचे तर आधी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करावी, नाहीतर पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठून एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसावं. साल आणि शर्यत ठाऊक नसताना गेलात तर दिवस वाया गेला म्हणून समजा. नाव छापलेलं सापडलं तरी एक खोच उरते: बायकांची नावं नवऱ्याच्या नावाने छापत. 'मिसेस हॅरी पेन व्हिटनी' म्हणजे शिल्पकार गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी. आणि 1895 पर्यंतच्या मिसेस डब्ल्यू. के. व्हँडरबिल्ट याच दुसऱ्या लग्नामुळे 1896 पासून मिसेस ओ. एच. पी. बेलमाँट. आपल्याकडे नुसतं 'कोल्हापूरचे महाराज' छापलेलं असेल तर 1922 च्या आधी ते शाहू महाराज, नंतर राजाराम महाराज.

आजोबा कुणासोबत उभे आहेत एवढंच घरच्यांना हवं असेल तर पेहराव आणि घोडा यांवर थांबायला हरकत नाही, 'बहुधा' लिहून. अल्बम विकायचा किंवा कुठे छापायचा असेल तर वर्तमानपत्राला पर्याय नाही. आणि कुठलीही वाट धरा, फोटो अल्बममधून सोडवण्याआधी अख्ख्या पानाचा फोटो काढून ठेवा. शेजारच्या फोटोवर तारीख असेल तर निम्मं काम तिथेच होतं.