बीएमडब्ल्यू २१८ की गोल्फ जीटीआय? आमच्या घरचा निकाल

आमची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आता थकली. चाकणला बनलेली, १.२ लिटर टर्बो, अजूनही ओव्हरटेकला हूं की चूं करत नाही. पण नवऱ्याचं म्हणणं, पन्नाशी आली, आता तरी दारात बीएमडब्ल्यू उभी राहू दे. म्हणून त्यांची २ सिरीज ग्रान कूपे, म्हणजे ही २१८, बघायला गेलो. मला बघायची होती फोक्सवॅगनचीच गोल्फ जीटीआय. ती मैत्रिणीच्या दिरांनी घेतलीय, त्यांनी मोठ्या मनाने किल्ली हातात दिली.

बीएमडब्ल्यूत बसल्यावर पहिली पाच मिनिटं मीही भुलले, खोटं कशाला बोलू. काचांना फ्रेम नाही, समोर वळणदार लांब स्क्रीन, सगळं कसं झकपक. मग सासूबाई मागे बसल्या. या गाडीचं छत मागे उतरत जातं. बाहेरून देखणं दिसतं, पण त्यांना मान खाली घालूनच आत शिरावं लागलं. "अगं, ही बसायची गाडी की लोळायची?" डिकी मात्र ४३० लिटरची, लग्नाकार्याच्या बॅगा निवांत मावतील.

इंजिन दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं, १५६ हॉर्सपॉवर. गावात चालवायला गोड. चांदणी चौकातल्या चढाला दाबली की मात्र तिसऱ्या सिलिंडरनंतर चौथा हवा होता असं वाटत राहतं. शून्य ते शंभर ८.६ सेकंद. जुलै २०२५ मध्ये आली तेव्हा शोरूम किंमत ४६.९० लाखांपासून होती. त्यातले निदान काही लाख बॉनेटवरच्या बिल्ल्याचे, हे माझं मत. नवऱ्याला मान्य नाही.

गोल्फ आम्ही वाईहून पसरणी घाटात चढवली. दोन लिटर टर्बो, २६५ पीएस (म्हणजे साधारण तेवढेच हॉर्सपॉवर), ३७० न्यूटन मीटर टॉर्क, शून्य ते शंभर ५.९ सेकंदांत. पण आकडे राहू देत, मजा वळणात आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाडीचा वळणात अॅक्सिलरेटर दाबला की एरवी नाक बाहेर पळतं. इथे डिफरन्शिअल लॉक ताकद बाहेरच्या चाकाकडे वळवतो आणि नाक आत खेचलं जातं. तिसऱ्या वळणाला मी हसायलाच लागले. चौकडीच्या कापडी सीटा घट्ट धरून ठेवतात. मागे सासूबाई ताठ बसून पाचगणीपर्यंत आल्या, कारण हॅचबॅकचं छत शेवटपर्यंत उंच.

खोट आहेच. ४० प्रोफाइलचे, म्हणजे बुटक्या कडेचे टायर, त्यामुळे खड्डा थेट कमरेपर्यंत पोचतो. सोसायटीचे स्पीडब्रेकर तिरपे घ्यायची सवय लावावी लागेल. एसीचं तापमान स्क्रीनखालच्या स्पर्शपट्टीवर. साधं गोल बटण दिलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि किंमत! मे २०२५ मध्ये ५३ लाख शोरूम. पूर्ण बनून परदेशातून येते, म्हणजे सीमाशुल्क आलंच. वर रोड टॅक्स आणि विमा. एवढ्या पैशांत हॅचबॅक, हे शेजाऱ्यांना समजावणं अवघड. मैत्रिणीच्या दिरांना तर लिफ्टमध्ये एकाने विचारलं म्हणे, "पोलोच ना ही?"

ड्रायव्हर ठेवणार असाल तर दोन्ही सोडा, मागे पाय पसरायची सोय दोन्हींत बेताचीच. आमच्याकडे स्टिअरिंग माझ्या हातात असतं आणि कर्जही माझ्या नावावर निघणार आहे, तेव्हा गोल्फच. नवऱ्याला रंग निवडायचा हक्क दिलाय.